गैरहजर आणि शून्य : गँग्लियातले तीन बिघाड

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. ९६ नोडांचा (म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा) क्लस्टर, त्यावर नजर ठेवायला गँग्लिया हे सॉफ्टवेअर. मल्टिकास्टवर (एकाचं पॅकेट साऱ्या गटाला) असताना नोड चार-पाच मिनिटांनी दिसेनासे व्हायचे, म्हणून महिन्याभरापूर्वी तुम्ही युनिकास्टवर (पॅकेट थेट एकालाच) आलात. आता सगळे नोड एकाच कलेक्टरला आकडे पाठवतात. तेव्हापासून तीन तक्रारी आहेत. कलेक्टरवरचा जीमॉन्ड (आकडे मोजणारा आणि गोळा करणारा गँग्लियाचा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केला की नोडांची नावं येतात, पण तापमान सोडून बहुतेक ग्राफ रिकामे. मोठे जॉब चालू असताना पाच-सहा नोड मधूनच 'डाऊन' होतात आणि आपोआप उठतात, त्यांच्यावरचे जॉब मात्र बिनघोर चालू असतात. आणि गेल्या आठवड्यात नेटवर्कच्या ग्राफमध्ये सेकंदाला ४६० पेटाबाइटचा सुळका उगवला, त्यापुढे वर्षभराचा खरा ग्राफ जमिनीला चिकटलेल्या रेघेसारखा दिसतो. सहकाऱ्याने एक पॅच लिहिला आहे : जीमेटाडीमध्ये (गोळा झालेले आकडे फाइलींत लिहिणारा गँग्लियाचा भाग) अशक्य वाटणारा आकडा आला की त्याजागी शून्य लिहायचं. तो लावावा का, की गँग्लियाच सोडून प्रोमिथियस या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरकडे जावं?

पॅच लावू नका. तिन्ही तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे आणि तिन्ही दुरुस्त होतात. पण तो पॅच लावलात तर चौथी तक्रार तयार होईल, आणि ती वर्षभर कुणाला दिसणारसुद्धा नाही.

शाळेच्या निकालपत्रकात 'गैरहजर' आणि 'शून्य गुण' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमधले जे बिघाड मी आजवर दुरुस्त केले, त्यांतले निम्म्याहून जास्त या दोहोंची गल्लत होण्याचेच होते. आकडा मिळाला नाही, हे कबूल करण्याऐवजी प्रोग्रॅम काहीतरी लिहून मोकळा होतो. कधी शून्य लिहितो, कधी मघाचाच शिळा आकडा पुन्हा पुढे करतो, आणि कधी तुमच्यासारखा राक्षसी आकडा फेकतो.

कोडला हात लावण्याआधी नळ मध्ये कापायचा. गँग्लियात एका आकड्याचा प्रवास साधारण असा होतो : कर्नल आपली आकडेवारी मांडतो त्या प्रॉक फाइली, नोडवरचा जीमॉन्ड, यूडीपी पॅकेट (पोचल्याची पावती नसलेलं), कलेक्टरवरच्या जीमॉन्डची मेमरी, तिथून एक्सएमएल, ते वाचणारा जीमेटाडी, मग आरआरडी फाइल (वेळेनुसार आकडे साठवणारी) आणि शेवटी पीएचपीचं पान. लोक पानावर चूक बघतात आणि थेट जीमेटाडीचा सोर्स उघडून बसतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्यापेक्षा कलेक्टरच्या ८६४९ पोर्टवर नेटकॅटने जोडून घ्या. काही विचारावं लागत नाही, जोडल्याबरोबर तो सगळं एक्सएमएल ओततो आणि कनेक्शन बंद करतो. (८६४९ का, तर फोनच्या बटणांवर 'युनिक्स' टाइप केलं की हेच अंक येतात. बर्कलीतल्या मंडळींची गंमत.) आकडा तिथेच चुकलेला असेल तर दोष अलीकडे, म्हणजे नोड किंवा वायर. तिथे बरोबर आणि ग्राफमध्ये चूक असेल तर पलीकडे. या एका कापाने निम्मं रान साफ होतं.

आता पहिली तक्रार. ही बगसुद्धा नाही, कॉन्फिग फाइलमधली एक ओळ आहे. ३.१ आवृत्तीपासून गँग्लिया मेट्रिकची (मोजल्या जाणाऱ्या गोष्टीची) ओळख आणि मेट्रिकचा आकडा वेगवेगळ्या पॅकेटांत पाठवतं. ओळखीच्या पॅकेटात नाव, प्रकार, एकक, किती सेकंदांत नवा आकडा अपेक्षित आहे वगैरे असतं. आकड्याच्या पॅकेटात फक्त आकडा. कलेक्टर रीस्टार्ट झाला की त्याची मेमरी कोरी. नोडाकडून आकडे येत राहतात, पण हे कुणाचे कोण, हे माहीत नसल्याने तो ते टाकून देतो. मल्टिकास्टमध्ये नव्याने उठलेला जीमॉन्ड 'ओळख पुन्हा सांगा' असं गटाला विचारू शकतो. युनिकास्टमध्ये विचारायची सोय नाही, आणि 'सेंड मेटाडेटा इंटरव्हल' ही किंमत मुळात शून्य असते, म्हणजे ओळख फक्त नोडवरचा जीमॉन्ड सुरू होताना एकदाच. सगळ्या नोडांच्या कॉन्फिगमध्ये ती ३० किंवा ६० सेकंद करा आणि नोडांवरचे जीमॉन्ड रीस्टार्ट करा.

तापमानाचा ग्राफ मात्र दिसतो, असं तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तीच. तापमान तुम्ही क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) जीमेट्रिकने (एकेक आकडा पाठवणारी गँग्लियाची कमांड) पाठवता, आणि जीमेट्रिक दर वेळी नव्याने चालतो, त्यामुळे ओळख आणि आकडा दोन्ही दर वेळी पाठवतो. म्हणून तेवढाच ग्राफ तगला. बिघाडात काय मोडलं याच्याइतकंच काय मोडलं नाही हेही लिहून ठेवत चला.

मल्टिकास्टवर चार-पाच मिनिटांनी नोड का गायब व्हायचे, तेही सांगून टाकतो, कारण उद्या दुसऱ्या क्लस्टरला लागेल. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त ऐकणाऱ्या पोर्टांनाच देण्याची सोय) चालू असेल पण 'कोण कोण ऐकतंय' हे विचारणारा क्वेरिअर कुणीच नसेल, तर सभासदत्वाची मुदत संपली की स्विच त्या पोर्टांना मल्टिकास्ट देणं बंद करतो. नेहमीच्या मांडणीत ही मुदत २६० सेकंद आहे. म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. तुमच्या घड्याळाशी जुळतं का बघा. गँग्लियाचा तेव्हाही काही गुन्हा नव्हता.

दुसरी तक्रार जास्त रंजक आहे, आणि इथे जरा रेंगाळतो.

नोड 'डाऊन' आहे हे गँग्लिया ठरवतं कसं? त्या नोडाकडून शेवटचं पॅकेट येऊन किती सेकंद झाले, तो आकडा टीएन. जास्तीत जास्त किती सेकंदांत यायला हवं होतं, तो टीएमॅक्स, नोडासाठी २०. टीएन जर टीएमॅक्सच्या चौपटीपुढे गेला, म्हणजे ८० सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर नोड मेला असं समजायचं. बस्स, एवढंच. पिंग नाही, एसएसएच नाही. 'डाऊन' या शब्दाचा खरा अर्थ '८० सेकंद आवाज नाही' एवढाच आहे, हे डोक्यात पक्कं झालं की पुढचा शोध सोपा होतो.

आता हा आवाज नोडाने दिलाच नाही, की दिला आणि वाटेत हरवला? पुढच्या वेळी नोड लाल झाला की कलेक्टरवर टीसीपीडम्प लावा : त्या नोडाच्या पत्त्यावरून ८६४९ वर येणारी पॅकेटं. दिसली, तर कलेक्टर ती घेऊ शकत नाहीये. यूडीपीच्या आकडेवारीत 'रिसीव्ह बफर एरर्स' ही ओळ वाढतेय का बघा. तुमचे क्रॉनवाले जीमेट्रिक सगळ्या नोडांवर बरोबर मिनिटाच्या ठोक्याला सुटत असणार. प्रत्येक नोडावर वीस धरले तर ९६ गुणिले २० म्हणजे १,९२० हाका, प्रत्येकीची दोन पॅकेटं, म्हणजे एकाच सेकंदात सुमारे ३,८०० पॅकेटं. लिनक्सचा नेहमीचा सॉकेट बफर २ लाख १२ हजार बाइटचा, आणि शंभर बाइटच्या पॅकेटालाही कर्नल स्वतःच्या हिशेबात त्याच्या कितीतरी पट जागा लावतो. ठोक्याला चेंगराचेंगरी होणारच. उपाय दोन : क्रॉनमधल्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला नोडगणिक वेगळी काही सेकंदांची झोप, आणि जीमॉन्डच्या यूडीपी रिसीव्ह चॅनेलमध्ये मोठा बफर, १० एमबीच्या आसपास. कर्नलची कमाल मर्यादाही वाढवावी लागते, नाहीतर कॉन्फिगमधला १० एमबी कागदावरच राहतो.

पण मला नाही वाटत तुमचं कारण हे असेल. सलग ८० सेकंद एका नोडाची सगळीच पॅकेटं बफर भरल्यामुळे बुडावीत आणि शेजारच्या नोडाची एकही बुडू नये, हे पटत नाही. शिवाय तुम्ही लिहिलंय की हे 'मोठे जॉब चालू असताना' होतं. म्हणून माझा अंदाज असा की टीसीपीडम्प कोरडा राहील. मग त्या नोडवर लॉगिन करून जीमॉन्डची अवस्था बघा. पीएस कमांडच्या अवस्थेच्या रकान्यात 'डी' असं अक्षर दिसलं तर चोर सापडला. डी म्हणजे प्रोसेस कर्नलच्या आत कशाची तरी वाट बघत अडकलीय, तिला बहुतेकदा किलसुद्धा ऐकू येत नाही. प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या फोल्डरात 'स्टॅक' नावाची फाइल असते, ती रूट होऊन वाचा. वरच्या दोन-चार ओळींत एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टीम) किंवा आरपीसी असलेली नावं आली, तर गोष्ट अशी आहे : कुणीतरी जीमॉन्डमध्ये पायथन मॉड्यूल टाकलंय, ते होम डिरेक्टरीचा कोटा किंवा मोकळी जागा मोजतं. होम एनएफएसवर, हार्ड माउंट, म्हणजे सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबूनच राहायचं. मोठा जॉब चाळीस नोडांवरून एकदम चेकपॉइंट (जॉबची अर्ध्यातली स्थिती) लिहायला लागला की एनएफएस सर्व्हर दोन-दोन मिनिटं उत्तर देत नाही. जीमॉन्ड सगळी मॉड्यूलं एकाच धाग्यात एकामागून एक चालवतो. त्यामुळे जागा मोजणारं मॉड्यूल अडकलं की लोडचा आकडाही जात नाही, 'जिवंत आहे' सांगणारा हार्टबीटही जात नाही. नोड ठणठणीत, फक्त त्याचा बातमीदार फोनवर अडकलाय.

तुमच्या जीमॉन्डमध्ये असं मॉड्यूल आहे का, ते कॉन्फिगच्या फोल्डरात बघा. असलं तर स्टॅकचा पुरावा हाती आल्यावर ते आठवडाभर काढून ठेवून बघा. कायमचा उपाय म्हणजे रिमोट फाइलसिस्टीमला हात लावणारं काहीही जीमॉन्डच्या पोटात ठेवायचंच नाही. बाहेर वेगळी स्क्रिप्ट, तिच्यावर 'टाइमआउट'चा लगाम, आणि तिने जीमेट्रिकने आकडा पाठवायचा. डी अवस्थेत टाइमआउटचाही इलाज चालेलच असं नाही, पण मग अडकेल ती स्क्रिप्ट, जीमॉन्ड नव्हे. आणि हो, एक स्क्रिप्ट अडकली असताना क्रॉनने दुसरी सुरू करू नये म्हणून लॉक लावाल. तो लावाच, पण त्यात एक खड्डा आहे. त्यात मी स्वतः पडलोय.

दिवाळीची सुट्टी होती. मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेचा क्लस्टर सांभाळायचो. सर्व्हर रूमचं तापमान दर मिनिटाला आयपीएमआयवरून (मशीनमधली देखरेखीची स्वतंत्र सोय) वाचून जीमेट्रिकने पाठवणारी स्क्रिप्ट मीच लिहिलेली, लॉक लावून, अगदी काळजीपूर्वक. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरून ग्राफ बघितला : २४ अंश. पाडव्याला सकाळी : २४. भाऊबीजेला दुपारी वॉचमनचा फोन आला की खोलीच्या दाराला हात लावला तर गरम लागतोय. दोनपैकी एक एसी आदल्या दिवशीच ट्रिप झाला होता. गेल्यावर बघतो तर एका नोडचा आयपीएमआय कंट्रोलर लटकलेला, त्याला विचारणारी कमांड लटकलेली, तिच्यामुळे लॉक तसाच, आणि लॉकमुळे पुढची स्क्रिप्ट दर मिनिटाला येऊन गुपचूप परत जात होती. इथपर्यंत माझी चूक. पण ग्राफ २४ का दाखवत होता? कारण जीमेट्रिकला मी डीमॅक्स दिलाच नव्हता. डीमॅक्स म्हणजे आकडा किती सेकंदांनंतर मेमरीतून काढून टाकायचा. न दिला तर शून्य, आणि शून्य म्हणजे कधीच नाही. कलेक्टर तोच २४ एक्सएमएलमध्ये देत राहिला आणि जीमेटाडी तो आरआरडीत लिहीत राहिला. रेघ इतकी सरळ होती की संशय यायला हवा होता. खरं तापमान कधी अर्ध्या अंशानेही हलत नाही असं होतं का?

तेव्हापासून माझा नियम : मिनिटाला येणाऱ्या आकड्याला टीएमॅक्स ६० आणि डीमॅक्स ३००. पाच मिनिटं नवा आकडा नाही तर मेट्रिक गायब, ग्राफला भगदाड. ते भगदाड बघून पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. तुमच्या तापमानाच्या स्क्रिप्टमध्ये डीमॅक्स आहे का, ते आजच बघा. तिसऱ्या तक्रारीपेक्षा हे तातडीचं.

आता तो सुळका. तुम्ही त्याची उंची लिहिलीत, सेकंदाला ४६० पेटाबाइट, हे फार बरं केलंत, कारण या बगचा अंगठ्याचा ठसा त्या आकड्यातच आहे. जीमॉन्ड नेटवर्कचे बाइट नेहमीच्या कॉन्फिगमध्ये ४० सेकंदांनी मोजतो. ४६० पेटाबाइट गुणिले ४० म्हणजे साधारण १८.४ वर अठरा शून्यं. दोनचा चौसष्टावा घात. योगायोग नव्हे.

लिनक्ससाठीच्या मेट्रिकच्या सी फाइलीत प्रत्येक नेटवर्क इंटरफेसचा मागचा काउंटर लक्षात ठेवलेला असतो. नवा काउंटर मागच्यापेक्षा मोठा असेल तर वजाबाकी. लहान असेल तर कोड असं धरून चालतो की काउंटर कमाल किमतीला जाऊन गुंडाळला गेला, म्हणून कमाल वजा मागचा अधिक नवा. (त्यात एकचा फरकही पडतो, पण ती चूक चिल्लर.) ज्या काळात हे लिहिलं गेलं त्या काळात ते अगदी शहाणपणाचं होतं. ३२ बिटांचा काउंटर ४.२९ अब्ज बाइटांनी भरतो. गिगाबिट वायर पूर्ण वेगाने वाहत असेल तर ३४ सेकंदांत. म्हणजे दोन मोजण्यांच्या मधल्या ४० सेकंदांत तो गुंडाळला जाणं रोजचंच होतं. मग ६४ बिटांचं कर्नल आलं. कोडची ओळ तीच, पण 'कमाल' आता दोनचा चौसष्टावा घात. १० गिगाबिटच्या वायरने हा काउंटर भरायला जवळपास ४६८ वर्षं लागतील. तेव्हा आज काउंटर मागे गेला तर तो गुंडाळला गेलेला नसतो. तो नव्याने सुरू झालेला असतो. ड्रायव्हर रीलोड झाला, कार्ड रीसेट झालं, किंवा कंटेनरचा आभासी इंटरफेस पुसला जाऊन त्याच नावाने पुन्हा तयार झाला. सुळक्याच्या मिनिटाला त्या नोडच्या कर्नल लॉगमध्ये नेटवर्क ड्रायव्हरची एखादी ओळ सापडते का बघा.

बग हातात आणण्यासाठी खरं कार्ड रीसेट करत बसू नका. एका मोकळ्या नोडवर वीथ जोडी (एकमेकांना जोडलेले दोन आभासी इंटरफेस) तयार करा, एक टोक वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये टाका, थोडा डेटा वाहवा, जीमॉन्डने एकदा मोजेपर्यंत थांबा, मग जोडी पुसून त्याच नावाने पुन्हा उभी करा. पुढच्या मोजणीला सुळका यायला हवा. तो हुकमी येईपर्यंत दुरुस्ती लिहू नका, नाहीतर दुरुस्त झालं हे कळणार कशावरून?

दुरुस्ती एका ओळीची आहे : नवा काउंटर लहान असेल तर फरक म्हणून तो नवा काउंटरच धरायचा. रीसेटनंतर तेवढे बाइट तर नक्की वाहिले. रीसेटच्या आधीचे काही सुटतील, पण आकडा खोटा होणार नाही, थोडा कमी भरेल. प्रोमिथियसचं रेट फंक्शन काउंटर मागे गेला की हेच करतं. सोबत लॉगमध्ये इंटरफेसचं नाव आणि दोन्ही काउंटर लिहिणारी ओळ टाका, कारण कार्ड वारंवार रीसेट होत असेल तर ती स्वतंत्र बातमी आहे आणि ती दाबून टाकण्यात अर्थ नाही. जुनं ३२ बिटांचं मशीन कुठे उरलंच असेल तर त्याच्यासाठी जुनी ओळ ठेवा.

नॅन ('हा आकडाच नाही' अशी खूण) का पाठवू नये, असं कुणी विचारेल. मीही एकदा हाच विचार केला होता. पण जीमेटाडी पुढे सगळ्या नोडांची बेरीज करतो, आणि बेरजेत एक नॅन पडला की सगळी बेरीज नॅन. एका नोडापायी ९५ नोडांची माहिती घालवायची, हे परवडत नाही.

या सगळ्या साखळीत 'माहीत नाही' हे उत्तर ज्याला मुळातून समजतं असा एकच भाग आहे, तो म्हणजे आरआरडी. टोबी ओटिकर यांनी १९९९ मध्ये ते बाहेर आणलं तेव्हापासून अज्ञात ही त्यात रीतसर किंमत आहे, आणि डेटा सोर्सला किमान-कमाल मर्यादा घातली की बाहेरचा आकडा ते आपणहून अज्ञात म्हणून नोंदवतं. गँग्लिया मात्र फाइल तयार करताना दोन्ही मर्यादा मोकळ्या सोडतं. सहकाऱ्याच्या पॅचला जे साधायचं आहे ते इथे एका मर्यादेने साधतं, आणि शून्याचं खोटं बोलावं लागत नाही. शून्य लिहिलं तर काय होतं बघा : तासाची सरासरी खाली येते, 'ट्रॅफिक कमी झाला' असं दिसतं, आणि पुढे ज्या दिवशी खरंच केबल निघून ट्रॅफिक शून्य होईल त्या दिवशी ते शून्य आणि हे शून्य यांत फरक कसा करणार?

जुने ग्राफ साफ करायचं काम असं. जीमेटाडी थांबवा. आरआरडीकॅशडी (आरआरडीत लिहायचे आकडे आधी मेमरीत साठवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर आधी त्यातला साठा फाइलींत उतरवून घ्या, हे विसरलात तर तुम्ही साफ केलेल्या फाइलीवर तो मागचं काहीतरी लिहील. आरआरडी फोल्डरची पूर्ण प्रत काढा. मग ज्या नोडवर सुळका आहे त्याच्या बाइट्स-इन आणि बाइट्स-आउट फाइलींना आरआरडीटूलच्या 'ट्यून'ने कमाल मर्यादा घाला. डेटा सोर्सचं नाव 'सम' असतं. १० गिगाबिटच्या कार्डाला १.२५ अब्ज बाइट. त्यानंतर 'डम्प' करून एक्सएमएल काढा आणि 'रिस्टोअर' करताना मर्यादा तपासण्याचा पर्याय द्या. मर्यादेबाहेरच्या नोंदी अज्ञात होतात, बाकीचा इतिहास शाबूत राहतो. फाइलींची मालकी पुन्हा जीमेटाडीच्या यूजरकडे द्या, नाहीतर सुरू झाल्यावर तो लिहूच शकणार नाही आणि तुम्ही नवा बग शोधत बसाल.

यात हमखास राहून जाणारी जागा म्हणजे समरीचं फोल्डर. नोडची फाइल साफ झाली तरी क्लस्टरच्या बेरजेची फाइल वेगळी असते, आणि पहिल्या पानावर दिसतो तो ग्राफ तिचाच. ९६ नोडांच्या बेरजेला मर्यादा अर्थात ९६ पट, १२० अब्ज. आणि सुळका एका क्षणाचा असूनही वर्षाचा ग्राफ का नासला, याचं कारण सरासरी : हल्लीच्या आवृत्त्यांच्या ठरीव मांडणीत वर्षाच्या ग्राफचा एकेक ठिपका दहा मिनिटांच्या ४० नमुन्यांची सरासरी असतो. त्यातले तीन नमुने जरी ४६० पेटाबाइटचे निघाले तरी सरासरी ३४ पेटाबाइट. एवढं धुतलं जात नाही, कापूनच काढावं लागतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. कॉन्फिगचा जो तुकडा तुम्ही दिलात त्यात एका जीमेट्रिकच्या नावात जॉबचा क्रमांक दिसतोय. ते बंद करा. प्रत्येक जॉबगणिक नवं मेट्रिक जन्माला येतं, डीमॅक्स नसल्याने कलेक्टरच्या मेमरीतून कधीच जात नाही, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी 'जीमॉन्डमध्ये मेमरी लीक आहे' म्हणून व्हॅलग्रिंड घेऊन बसतं. डिस्कवर तर त्याहून वाईट : ठरीव मांडणीत एका मेट्रिकच्या फाइलीत ५,८५६, २०,१६० आणि ५२,७०४ अशा नोंदींच्या तीन ओळी असतात, एकेक नोंद आठ बाइट, म्हणजे एका मेट्रिकला जवळपास ६३० केबी. तीन मिनिटं चालून मेलेल्या जॉबच्या नावाने एवढी जागा कायमची अडवून ठेवायची? जॉबचा हिशेब जॉब शेड्युलरला ठेवू द्या.

राहिला प्रोमिथियस. जायला हरकत नाही. मी आज नवा क्लस्टर उभा केला तर तेच घेईन, कारण ते स्वतः नोडाकडे जाऊन आकडे घेतं आणि गेलं पण मिळाले नाहीत, ही गोष्ट 'अप' नावाच्या वेगळ्या मेट्रिकमध्ये शून्य म्हणून नोंदवतं. हजेरीचा रकाना वेगळा, गुणांचा वेगळा. काउंटर रीसेटचं वर आलंच. पण वरच्या तीन तक्रारींना कंटाळून जाणार असाल तर जरा थांबा. नोडवर अडकलेलं एनएफएस तिथेही नोड एक्स्पोर्टरच्या (नोडचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्रॅम) फाइलसिस्टीम मोजणाऱ्या भागाला त्रास देऊ शकतं. जॉबचा क्रमांक लेबलमध्ये टाकलात तर प्रोमिथियसची मेमरी गँग्लियापेक्षा लवकर फुगेल. आणि माझी दिवाळीची गोष्ट तिथे जशीच्या तशी घडू शकते : क्रॉनच्या स्क्रिप्टने टेक्स्टफाइल कलेक्टरसाठी लिहिलेली फाइल शिळी झाली तरी एक्स्पोर्टर ती इमानेइतबारे वाचून दाखवत राहतो. फाइल शेवटची कधी बदलली त्याचं मेट्रिक तो देतो, पण त्यावर अलार्म तुम्हालाच लावावा लागतो.

माझा क्रम असा राहील. आज डीमॅक्स आणि मेटाडेटाची ओळ. या आठवड्यात नोड लाल झाला की टीसीपीडम्प आणि ती स्टॅक फाइल, मॉड्यूल काढायच्या आधी, कारण नंतर पुरावा उरणार नाही. त्यानंतर वीथ जोडीने सुळका उगवून बघणं, एका ओळीची दुरुस्ती, पुन्हा तीच जोडी पुसून सुळका येत नाही याची खात्री. आरआरडीची साफसफाई सगळ्यात शेवटी आणि शक्यतो सोमवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी 'दहा मिनिटांचं काम' म्हणून हात घालू नका. सगळं झाल्यावर एका मोकळ्या नोडवरच्या जीमॉन्डला सिगस्टॉप (प्रोसेस जागच्या जागी थांबवणारा सिग्नल) पाठवून पाच-सहा मिनिटं थांबा आणि पानावर काय दिसतं ते सहकाऱ्याला शेजारी बसवून दाखवा. दोन मिनिटांत नोड लाल व्हायला हवा, आणि पाच मिनिटांनंतर त्याच्या तापमानाची रेघ तुटलेली दिसायला हवी. नोड लाल झाला नाही किंवा रेघ तुटली नाही, तर त्या नोडची क्रॉनची स्क्रिप्ट अजून चालू असेल. ती थांबवून पुन्हा बघा.